बझर आणि सुरीच्या मधला सेकंद

२ एप्रिल
नरसव्वाची दोन बोटं गेली. उजव्या हाताची. काल सकाळी नऊच्या सुमारास, टॉवेल कापायच्या मशीनवर. मी मागच्या शेडमध्ये मोटारीचा पट्टा ताणत होतो. किंकाळी ऐकू आली नाही, मशीन थांबल्याचं ऐकू आलं. चाळीस वर्षं मागांजवळ काढली, आवाज बंद पडला की आधी कळतं.

दीड महिन्याच्या रजेवरून काल तिचा पहिलाच दिवस. लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. नातू झाला म्हणून बुंदी आणली होती. डबा टेबलावर तसाच उघडा होता.

आज कामावर गेलो नाही. बी.पी.ची गोळी एकदा घेतली की दोनदा, आठवत नाही.

३ एप्रिल
गेलो. मशीन धुऊनपुसून चालू केलेलं. नरसव्वाच्या जागी सुवर्णा, तिच्या रजेतही हीच होती. मालकांनी केबिनमध्ये बोलावलं.
"तात्या, मशीनमध्ये दोष नव्हता ना?"
"नव्हता."
"मग तेवढं लिहून द्या. मशीन व्यवस्थित, बाईचं लक्ष नव्हतं. कामगार खात्याचे साहेब येणार आहेत."
म्हटलं, आधी एकदा बघतो.
"त्यात काय बघायचं? तुम्हीच तर पळवलंत त्याला!"
हसून बोलले. पण तो शब्द घरी येईपर्यंत कानात राहिला.

४ एप्रिल
पळवलं म्हणजे काय केलं मी? फेब्रुवारीत मशीनच्या कार्डावरची चिप जळाली. नरसव्वा रजेवर गेली त्याच आठवड्यात. चिप म्हणजे त्या मशीनचं डोकं. बाईनं पॅडल दाबलं की बझर वाजवायचा, थोडं थांबायचं, मग सुरी सोडायची. त्या थांबण्यात बाई टॉवेलचा काठ सरळ करते आणि हात काढून घेते. हे सगळं चिप करते.

सात रस्त्याला सलीमभाईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कार्ड नेलं. जुन्या नंबरची चिप आता येत नाही म्हणाला. त्याच मापाची नवी बसवली, कंपनीच्या सीडीवरचा जुनाच प्रोग्राम भरला. मी त्याच दिवशी हवेच्या सिलिंडरचं वॉशर बदललं, तेल घातलं. दुसऱ्या दिवसापासून मशीन चपळ झालं. पाळीत टॉवेल जास्त पडू लागले. मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, काय जादू केलीत? मी म्हणालो, "मशीनला तेल लागतं हो, दुसरं काय." सगळ्यांसमोर टॉवेलांचा जोड दिला त्यांनी. घेतला मी.

पण एक गोष्ट पक्की आहे. क्रिस्टल मी बदललं नाही. कार्डावर शेंगदाण्याएवढी चांदीच्या रंगाची डबी असते, ती चिपला ठोके देते. तिच्यावर बारा लिहिलं आहे, म्हणजे सेकंदाला एक कोटी वीस लाख ठोके. मागाला जास्त पळवायचं तर आम्ही मोटारीची पुली बदलायचो. पुली तीच तर चाल तीच. क्रिस्टल म्हणजे पुली. ते बदललं नाही. म्हणून वेळ बदलणार नाही.

हे दोनदा लिहून काढलं. झोप लागेल आता.

६ एप्रिल
झोप लागली नाही.

जेवणाच्या सुट्टीत शेड रिकामी असताना पॅडल दाबून फोनच्या घड्याळावर वेळ घेतला. बझर ते सुरी. दहा वेळा. दर वेळी साधारण एक सेकंद. पण आधी किती होता? कुणी लिहून ठेवलेलं नाही. फेब्रुवारीच्या आधी आठ वर्षं त्या मशीनवर एकटी नरसव्वाच होती. सुवर्णाला विचारलं तर म्हणते, "एवढाच असतंय की. मी आल्यापास्नं एवढाच."

तिला सवय झाली आहे. हात पडल्या पडल्या उचलते, तव्यावरची भाकरी उलटावी तशी. बघवत नाही.

७ एप्रिल
सलीमभाईकडे. दुकानात कुणी नव्हतं ते बरं झालं.
"क्रिस्टल बारा का ही है ना सलीमभाई?"
"हौ, वोइच है. हाथ बी नै लगाया मैं."
"मग वेळ कमी होईल का?"
तो आधी नाही म्हणाला. मग चिपच्या पाठीवरचा नंबर चष्मा लावून परत वाचला. कॉम्प्युटरवर काहीतरी काढलं. मी दोनदा विचारलं.

मग सांगितलं ते असं. चिप एका ठोक्यात एक काम करत नाही. जुनी चिप बारा ठोक्यांत एक पाऊल टाकायची. नवी सहा ठोक्यांत टाकते. ठोके तेवढेच, पावलं दुप्पट. म्हणजे जुनी सेकंदाला दहा लाख पावलं, नवी वीस लाख.
"पण प्रोग्राम तोच आहे ना? त्यात दोन सेकंद लिहिले असतील तर दोनच थांबेल."
"उसमें सेकंद नै लिखते तात्या. गिनती लिखते. इत्ते बार गिन, फिर छोड़. उसको घड़ी क्या मालूम?"
सेकंद लिहीत नाहीत. मोजणी लिहितात. चिप रिकामं मोजत बसते, मोजून संपलं की सुरी सोडते. जलद मोजलं तर लवकर संपतं.

"नवी बी बारा ठोकों पे चलती, प्रोग्राम भरते टैम एक खूण करनी पड़ती. मैं की क्या नै, याद नै." मग खालच्या आवाजात, "किसी को बोलना नको."

मी पाणी मागितलं.

८ एप्रिल
मला कळायला हवं होतं. मागाच्या वरच्या शाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा खालच्याचा एक होतो. मोटार तीच, पुली तीच, पण मधली चक्री बदलली की खालचा शाफ्ट धावायला लागतो आणि धोटा वेळेआधी सुटतो. हे मी मिलमध्ये नव्या पोरांना शिकवायचो. सातवी पास माणूस, पण ही गोष्ट मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पुली बघितली आणि मधली चक्री बघितलीच नाही.

आणखी एक. कार्डावरचा हिरवा दिवा फेब्रुवारीपासून भरभर लुकलुकतो. बघून बरं वाटलं होतं तेव्हा. वाटलं, मशीन तरतरीत झालं.

पण सलीमला खूण केल्याचं आठवत नाही. केली असेलही. मग एक सेकंद हा आधीपासूनच असेल, मग माझा दोष नाही. आधीचा वेळ कुठून आणू? जुनी चिप जळाली. कागद नाही. कुणाला ठाऊक असणार

नरसव्वाला ठाऊक असणार.

१० एप्रिल
काल नळाला पाणी यायचा दिवस होता म्हणून जाता आलं नाही, असं हिला सांगितलं. खरं तर पाय निघाला नाही. आज गेलो. पूर्व भागात, गल्लीच्या टोकाला घर. दारात तिची बहीण विड्या वळत बसली होती. नरसव्वा भिंतीला टेकून, हात उशीवर, मोठं बँडेज.

मला बघून उठायला लागली. "या तात्या, बसा. चहा ठेव गं." मला चहा! नेलेली मोसंबी दिली. ती म्हणाली, "मालक म्हनाले म्हनं, माझं लक्ष नव्हतं. नातवाच्या नादात होती. खरं हाय का?" तीच पुढे म्हणाली, "मी काय नवीन हाय का ओ? आठ वर्षं झालं की. मी मोजते मनात. आमच्या तेलुगूत. ओकटी, रेंडू. रेंडूला हात भायेर. ते दिवशी ओकटीलाच आली बगा सुरी."

म्हटलं, "नरसव्वा, एकदा मोजून दाखवतेस? तसंच, रोजच्यासारखं."
"आता?"
"हो."
तिनं डावा पाय जमिनीवर दाबला, पॅडल दाबावं तसा. तोंडानं पीं केलं. डावा हात पुढं केला, चादरीचा काठ सरळ केला. "ओकटी... रेंडू." हात मागं. मी फोनवर बोट दाबलं. पाच वेळा करायला लावलं. एक पूर्णांक आठ. एक नऊ. एक आठ. एक नऊ. एक नऊ. पाचही वेळा डाव्या हाताबरोबर उशीवरचा बँडेजचा हातही जरासा मागं सरकला. तिला कळलं नाही.

बरोबर दोन सेकंदांच्या आत हात बाहेर. आठ वर्षं. आणि मी एकावर आणून ठेवलं आणि तिला सांगितलं नाही.

"कशाला मोजताय तात्या?"
"असंच," म्हणालो. चहा अर्धा सोडून आलो.

११ एप्रिल
ही म्हणाली, ताटातलं काही खाल्लं नाही. मी म्हटलं, भूक नाही. "भूक न्हाय, झोप न्हाय. कुनाचं काय केलासा?" हिला नेहमी आधी कळतं. काही केलं नाही म्हटलं. "मग भाकरीनं काय केलंय? साकु आता, पुरे झालं, जेवा."

गॅस बंद आहे का तीनदा बघितलं. चौथ्यांदा हिनं हात धरून बसवलं.

१२ एप्रिल
मालकांना सांगायला गेलो. सगळं नाही. एवढंच म्हणालो, सुरीचा वेळ कमी आहे, वाढवायला पाहिजे, नाहीतर सुवर्णाचाही हात जाईल.
"तात्या, दोन महिने सुवर्णा त्याच वेळात काम करते आहे. काही झालं? ऑर्डर डोक्यावर आहे. आणि साहेब यायच्या आधी मशीनला हात लावायचा नाही. उगाच संशय."
पटेना आणि बोलताही येईना. "बरं" म्हणून आलो. माझं हे "बरं" मला एक दिवस घेऊन जाणार आहे.

संध्याकाळपर्यंत सुवर्णाच्या हाताकडे बघत राहिलो. तिनं टोकलं, "काय तात्या, नजर लावताय का माझ्या बांगड्यांला?" बायका हसल्या. तेवढ्यात एका टॉवेलला तिचा हात उशिरा निघाला. सुरी नखाजवळून गेली असेल. तिनं बघितलंही नाही.

१४ एप्रिल
जयंतीची सुट्टी, कारखाना बंद. वॉचमनला सांगितलं, पट्टा बदलायचा आहे. प्रोग्राम मला येत नाही, चिपच्या आतली खूण मला करता येत नाही. पण एक करता येतं. काल सलीमकडून सहाचं क्रिस्टल आणलं होतं. कशाला, त्यानं विचारलं नाही. बाराचं काढलं, सहाचं बसवलं. ठोके निम्मे, म्हणून सहा ठोक्यांचं पाऊलही पूर्वीच्या वेळाला पडणार. सोल्डर दोनदा चिपच्या शेजारच्या पायावर गेलं. पुसून परत केलं.

पॅडल दाबलं. पीं. ओकटी. रेंडू. सुरी.

मी तेलुगूत मोजलं. मोजून झाल्यावर कळलं.

बाराचं क्रिस्टल पुडीत बांधून खिशात. सुवर्णाचा हात वाचला. आज जेवलो.

१५ एप्रिल
सुवर्णा वैतागली. "तात्या, म्हातारं केलात की मशीनला! तुमचं वारं लागलं त्याला." म्हटलं, दमानं कर, घाई नाही. मालकांनी विचारलं, मंद का? "हवेचा दाब कमी पडतोय." खोटं. सहज आलं तोंडात, तेलाची गोष्ट आली होती तसंच.

१६ एप्रिल
साहेब आले.

भला माणूस वाटला. चाळिशीचा, घामाघूम. मशीनसमोर उभं राहून स्वतः पॅडल दाबलं, फोनवर वेळ घेतला. तीनदा. "दोन सेकंद. पुरेसे आहेत," म्हणाले आणि लिहिलं.
मग कागद काढला. "जखमी बाईंचा जबाब आहे. म्हणतात, हात काढायच्या आतच सुरी आली, रोजच्यापेक्षा निम्म्या वेळात."
मालक म्हणाले, "साहेब, मशीन तुमच्यासमोर आहे. दोन सेकंदांत हात निघत नाही होय?"
साहेब माझ्याकडे वळले. "मशीन तुम्ही बघता? हे असंच होतं?"
खिशातली पुडी मांडीला टोचत होती. सगळे बघत होते. सुवर्णा बघत होती.
मी म्हणालो, "मशीन तेच आहे साहेब."
तेच आहे. लोखंड तेच, सुरी तीच. एकही शब्द खोटा नाही.

साहेब गेल्यावर मालकांनी पाठीवर हात ठेवला.

१७ एप्रिल
मी काय केलं हे आज सकाळी दात घासताना समजलं. एक हात वाचवायला मशीन नीट केलं आणि दुसऱ्या हाताचा पुरावा पुसून टाकला. नरसव्वा खरं बोलली ते सरकारी कागदावर खोटं ठरलं. आता ती कुणालाही सांगू दे, ओकटीला आली म्हणून, साहेबानं फोनवर दोन मोजले आहेत. बेफिकीर बाई. नातवाच्या नादात बोटं घालवली. कुठल्याच कारखान्यात आता हात लावू देणार नाहीत तिला.

आणि उलट? बाराचं परत बसवू? सुवर्णा आहे तिथं.

मशीन आता काही सांगणार नाही. सांगायचं तर मीच उरलो. आणि मी सांगितलं की पहिला प्रश्न, मग फेब्रुवारीत कुणी

१८ एप्रिल
सलीमभाईचा फोन. "तात्या, मेरा नाम नको लेना. लड़की की शादी है." मी म्हटलं, नाही घेणार. चिप त्यानं बसवली, पण वेळ मोजायचं काम माझं होतं. नवीन भाग बसला की आधी रिकामं चालवून बघायचं, मग माणूस उभा करायचा. ही रीत मीच लावली होती मिलमध्ये. फेब्रुवारीत नाही केली. तेलाचं कौतुक ऐकत बसलो.

१९ एप्रिल
हिला सांगितलं. सगळं, चिपपासून. ठोके आणि पावलं तिला कळली नसतील वाटलं. ऐकून घेतलं, शेंगा निवडत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे तिचं खरं हाय."
"हो."
"आन् तुमी गप बसला."
"मला काढून टाकतील. केस करतील. या वयात..."
"तुमचं वय बोलतंय का तिची बोटं बोलत्यात?" सूप घेऊन आत गेली. आतून म्हणाली, "मागाशी बोलत आयुष्य घालवलं. मानसाशी बोला की एकदा."

२० एप्रिल
नरसव्वाकडे. उभ्यानंच सांगितलं, बसलो असतो तर सांगता आलं नसतं. चिप मी बसवून आणली, वेळ निम्मा झाला, मी मोजला नाही. परत दोनावर आणलं तेही मीच. साहेबांसमोर गप्प बसलो तोही मीच.

तिची बहीण उठली आणि मला तेलुगूत काहीतरी म्हणाली. ते काय असेल ते भाषांतराशिवाय कळलं. नरसव्वानं तिला थांबवलं. माझ्याकडे बघितलं नाही.
"सुवर्णाचा हात?"
"ठीक आहे."
"तिला सांगितलात, का मंद केलं ते?"
"नाही."
"मला बी नव्हतं सांगितला." मग बराच वेळ नातवाचा फोटो बघत बसली. मला वाटलं, जा म्हणाली की जाईन. म्हणाली नाही. शेवटी एवढंच बोलली, "मी सांगून बगितली तात्या. माझं कोन ऐकलं?"

माफ केलं असं नाही. माफी मागितलीही नाही मी, तोंडच उघडलं नाही त्या शब्दाला.

येताना कारखान्याच्या फाटकाशी सुवर्णा भेटली. तिला तिथंच सांगितलं. तिनं आपली बोटं उघडून बघितली, मिटली. "आधी का नाही सांगितलासा?" म्हणाली आणि रिक्षात बसली.

२१ एप्रिल
अर्ज लिहिला. चार वेळा. पहिल्यात इतकं तांत्रिक लिहिलं की माझंच मला कळेना. दुसऱ्यात "नजरचुकीने" असं आलं, फाडला. तिसऱ्यात सलीमचं नाव आलं, तोही फाडला. चौथा हा: चिप बदलल्यावर वेळ दोन सेकंदांवरून एकावर आला. तो मी तपासला नाही. नरसव्वाचा हात नेहमीच्या वेळेला निघाला होता. नंतर मी क्रिस्टल बदलून वेळ दोनावर आणला, त्यामुळे साहेबांना दोन मिळाले. जुनं क्रिस्टल सोबत जोडलं आहे, बसवून खात्री करावी, परंतु त्या वेळी मशीनवर कुणाला उभं करू नये.

सही केली. हिनं वाचून घेतला, माझ्याकडून मोठ्यानं. "हे शेवटलं वाक्य चांगलं हाय," म्हणाली.

मालकांचा निरोप आला, उद्या साहेबांच्या ऑफिसात अकराला या, मशीन व्यवस्थित होतं या त्यांच्या कागदावर माझी सही हवी आहे.

२२ एप्रिल
ऑफिसच्या बाकावर बसून लिहितो आहे. दहा वाजल्यापासून इथं. अक्षर वाकडं येतं.

पाणी पिऊन आलो तीनदा. परत जायला एक रिक्षा अजून फाटकात उभी आहे, रिक्षावाल्याला थांब म्हटलं नव्हतं, तो आपणहून थांबला आहे.

अकराला पाच कमी असताना मालक आले. ऊन चढलं होतं, रुमालानं मान पुसत होते. मला बघून खूश झाले. "तात्या, माझ्याआधी! हे बरं केलंत." शिपायाला दोन चहा सांगितले. माझ्या हातातल्या घडी घातलेल्या कागदाकडे बघून म्हणाले, "घरूनच लिहून आणलंत? सही केली?"

मी म्हणालो, "केली."

ते म्हणाले, "शाबास. माझ्या शेजारीच बसा आत. साहेबांनी काही विचारलं तर मी बोलतो."

चहा आला आहे. शिपायानं दार उघडून दोघांनाही हात केला. मालक पुढे गेले, माझ्यासाठी दार धरून उभे आहेत.